उलट्या अंगाची झीज

चामराजपेटेत रघुजींच्या लेथवर येणारी निम्मी कामं अशी, की ज्यांची मूळ कंपनीच आता उरलेली नाही. माणसं तुटका भाग रुमालात बांधून आणत. उरलेल्या दात्यांवरून मूळ दाता कसा असेल ते रघुजी ताडत आणि नवा कापून देत. यंत्र कसं चाललं असेल, हे झीज पाहून ओळखायचा त्यांना छंदच होता.

महानंदा पहिल्यांदा आली ती तळहाताएवढा पितळी गिअर घेऊन. चार दाते तुटलेले.

"रेशमाला पीळ घालायच्या यंत्राचा आहे, अण्णा. सासऱ्यांचं यंत्र. ते गेल्यापासून कुणी चालवत नाही."

"मग दुरुस्ती कशाला?"

"सासूबाईंना बरं वाटतं."

रघुजींनी नवा करून दिला. दीड महिन्यानं तोच गिअर परत आला. दाते सुरीच्या पात्यासारखे पातळ झालेले. एवढं झिजायला तीसेक वर्षं तरी लागावीत. आणि असलं यंत्र एकाच दिशेनं फिरतं. इथे जोर येतो ती बाजू कोरी करकरीत, उलटं अंग मात्र खाल्लेलं.

"यंत्र चालू असतं काय, अक्का?"

"मोटर कधीच विकली." ती खाली बघत राहिली. "स्वल्प लवकर द्या."

या खेपेला रघुजींनी पोलादाचा कापला, बोम्मसंद्र्याच्या भट्टीतून कडक करून आणला. वीस दिवसांत महानंदाचा फोन आला. तोही झिजला होता. रघुजींना राहवेना.

"नवा घेऊन मीच येतो बसवायला."

"सरी, चालेल. दुपारी या."

जे. पी. नगरातलं दुसऱ्या मजल्यावरचं घर. लख्ख ऊन, स्वयंपाकघरात कुकर. खिडकीशी कमरेएवढं यंत्र उभं होतं. पट्टा नव्हता, चात्यांवर धागा नव्हता. तरी गिअर फिरत होता. सावकाश, उलटा.

शेजारी खुर्चीत नव्वदी उलटलेल्या सासूबाई, तानूबाई, अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या लगेच बोलायला लागल्या.

"चामराजपेटेतले का तुम्ही? आमचं रेशीम तिकडंच रंगवायला जायचं."

रघुजी हो-हो म्हणत खाली वाकले. वायर नाही, स्प्रिंग नाही, वजन लटकवलेलं नाही. एवढ्या वर्षांच्या कामात त्यांनी असं काही पाहिलं नव्हतं. किती जोर आहे ते बघावं म्हणून त्यांनी चाकावर हात ठेवला. चाक लगेच थांबलं.

"तिकडं तो मल्लाप्पा रंगारी अजून..." तानूबाई म्हणाल्या.

आठवत असतील, असं रघुजींना वाटलं. त्यांनी वाट पाहिली. कुकरची शिट्टी झाली. तानूबाईंच्या बोटांत अर्धवट सोललेला दाणा तसाच होता. पापणी हलत नव्हती. छातीवरचा पदरही.

रघुजींनी हात काढला.

"...आहे का?" तानूबाईंनी विचारलं, आणि दाणा ताटात पडला.

स्वयंपाकघराच्या दारात महानंदा उभी होती. तिला नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"त्यांना कळतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. त्यांच्या लेखी मधला वेळ जातच नाही."

पिशवीतला नवा गिअर त्यांना एकाएकी जड वाटला. तो तसाच परत न्यावा, असं क्षणभर मनात आलं. पण जुन्याचे दाते आता आठवडाभरही टिकणार नव्हते. हे त्यांच्याइतकं कुणालाच दिसत नव्हतं.

"बदलायला किती वेळ लागेल, अण्णा?"

"वीस मिनिटं."

तिनं मान डोलावली.

त्यांनी पाना लावला. नट सैल झाला. जुना गिअर निघून हातात आला. कोमट होता.

तानूबाईंचं बोलणं मध्येच थांबलं.

महानंदानं फळीवरची औषधाची छोटी बाटली घेतली, सरावलेल्या हातानं म्हातारीची हनुवटी वर केली आणि उघड्या डोळ्यांत एकेक थेंब टाकला.

"कोरडे पडतात," ती म्हणाली.