चाक गार होईपर्यंत

आमचं लग्न ठरलं. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही, पुढे चला.

तर, तो दातांचा डॉक्टर आणि मी बाबांच्या वॉशिंग सेंटरवर चाकं धुणारी. पहिल्यांदा तो चुकून आला. गाडी वळवायला आत घातली होती. मी चाकं पाहिली आणि जाऊ दिलं नाही. ब्रेकची काळी भुकटी खपलीसारखी बसली होती.

“शेवटचा ब्रश कधी फिरवला होतात?” मी विचारलं.

“हा प्रश्न मी विचारतो. लोक खोटं बोलतात.”

“मग तुम्हीही बोला.”

“रोज. दोनदा.”

तापलेल्या चाकावर धुण्याचं औषध मारलं की डाग पडतात, म्हणून गार होईपर्यंत थांबायचं असतं. तो थांबला. मग औषध मारलं, काळ्या भुकटीतून जांभळे ओघळ निघाले, आणि तो एकटक बघत राहिला... चाकाकडे, असं मी धरून चालले.

मग तो दर शनिवारी यायला लागला. मी वाकायची, हात लावल्यासारखं करायची आणि सांगायची, “अजून तापलंय.” तासभर.

बाबा लांबून म्हणायचे, “अगं, चाक आहे की भट्टी?”

सातव्या शनिवारी तो म्हणाला, “मेकॅनिक म्हणतो, नवे ब्रेक पॅड बसवा. धूळच होत नाही म्हणे. बसवू?”

धूळ नाही, म्हणजे तोही नाही. पण गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही, हा बाबांचा नियम. चाकाच्या तापमानापुरती मी त्यातून सूट घेतली होती, तेवढीच.

“बसवा,” मी म्हणाले. “चांगले असतात.”

“बरं,” तो म्हणाला – आणि गेला नाही.

काहीतरी करायचं म्हणून मी चाकाला हात लावला. चटका बसला. खराखुरा.

“तुम्ही तर दोन गल्ल्या पलीकडे राहता. एवढं तापलं कसं?”

तो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, “टेकडीवरून चार वेळा ब्रेक दाबत उतरलो. दर शनिवारी उतरतो. गार चाक आणलं तर... तुम्ही लगेच धुवाल.”

“मी आजवर हातच लावला नव्हता.”

“मग तापलंय हे कसं सांगायचात?”

“तोंडाने.”

तो हसला. दात चांगले होते.

“पॅड बसवा,” मी म्हणाले, “आणि या. चाकं घरी ठेवून आलात तरी चालेल.”

पुढच्या शनिवारी तो चालत आला. बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “बूट धुवायचेत?”

सबब, रस्ते विभागास नम्र विनंती, की आमच्या सेंटरपासून त्याच्या घराचे अंतर, तो येताना, दोन गल्ल्या असेच ठेवावे; मात्र मी त्याला सोडायला निघाल्यावर तेच अंतर किमान अकरा गल्ल्या करण्यात यावे, व तसे लेखी आदेश व्हावेत.