दाता क्रमांक दोनशे चौदा

साहेब, स्वरूपाचं नाव तुम्हीच खोडलंत. निळ्या पेनाने, एक सरळ रेघ मारून. डेंग्यूवरची अँटिबॉडी सापडल्याचं पत्रक छापायला जायचं होतं, आणि शोधणाऱ्यांच्या यादीत पहिलंच नाव तिचं होतं. "कंत्राटी आहे, लग्न होईल, जाईल," असं वर बोलूनही दाखवलंत. मग आता सगळं ऐकून घ्या.

फरिदाबादच्या तुमच्या प्रयोगशाळेत रक्त देणारी माणसं स्वरूपाला कधी दिसायची नाहीत. तिच्यापर्यंत नुसत्या नळ्या यायच्या, त्यांवर आकडे. पण ऑक्टोबरातल्या त्या सकाळी रक्त घेणारी केतकी रजेवर होती, आणि लेबलं छापायचं यंत्रही अडून बसलं होतं. त्याला एक चापट देत स्वरूपा पुटपुटली, "मेल्या, आजच मरायचं होतं तुला?"

"मी जिवंत आहे अजून," समोरच्या खुर्चीतून मराठीत उत्तर आलं. "मानेसरहून शेअर ऑटोने आलोय, तरी."

तो नचिकेत. फौजीचा मुलगा, छावणीत वाढलेला, मानेसरच्या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासणारा. चार वर्षांपूर्वी डेंग्यूतून उठल्यावर त्याने इथे रक्त दिलं होतं. आता पुन्हा बोलावणं आलं होतं. त्याने बाही सरकवली, कार्ड पुढे केलं. दाता क्रमांक दोनशे चौदा.

स्वरूपाचा हात तिथेच थांबला...

हा आकडा तिला स्वतःच्या फोन नंबरपेक्षाही पक्का पाठ होता. दोनशे चौदाच्या रक्तातल्या पेशी तिने एकेक करून तपासल्या होत्या. नऊशे सातव्या पेशीची अँटिबॉडी विषाणूला अशी जाऊन चिकटली, की उंदरांमध्ये त्याला पुढे सरकताच येईना. पण हे दात्याला आपणहून सांगायचं नाही, असा नियम.

"इतकं काय बघताय?" त्याने विचारलं. "नस मिळत नाहीये?"

"मिळाली," ती म्हणाली. कान मात्र तापले होते.

मग तो रिपोर्ट न्यायला आला. मग रिपोर्ट नसतानाही आला. थंडी पडली, तसे दोघं स्वरूपाच्या घराजवळ, मयूर विहार मेट्रोच्या बाहेर उभ्या उभ्या शकरकंदी खाऊ लागले.

"याला मराठीत काय म्हणतात, यार?"

"रताळं."

"अच्छा? मला वाटलं ती शिवी आहे."

"आहेच. तुमच्यासाठी राखून ठेवलीये."

संमतीपत्राच्या शेवटी एक बारीक ओळ असते: दात्याने लेखी विचारलं, तर उत्तर द्यावं लागतं. ती कुणी वाचत नाही. ब्रेक तपासणारा माणूस वाचतो. जानेवारीत नचिकेतचा अर्ज आला – माझ्या रक्ताचं पुढे काय झालं? स्वरूपाने रीतसर दोन पानी उत्तर टाइप केलं, आणि खाली पेन्सिलने लिहिलं – 'तुझी एक पेशी दोन वर्षं माझ्याजवळ आहे. आता बाकीचा माणूसही हवाय.'

तो कागद त्याच्या पाकिटात आहे, दात्याच्या कार्डामागे. लग्न वैशाखात.

आणि साहेब, लग्न ठरलं त्याच आठवड्यात तुम्ही रेघ मारलीत.

नचिकेत तिला म्हणाला होता, सोड ना, गुरुग्रामच्या कंपन्या तुला हसत घेतील. हातमोजे काढून तिने नीट टाकून दिले.

"नऊशे सहा वेळा तुझ्या रक्तात काही मिळालं नाही," ती म्हणाली. "तेव्हा सोडलं असतं तर?"

तो हळूच हसला. "उद्या कंपनीची बस नाही पकडत. तुझ्यासोबत येतो. माझी अँटिबॉडी कुणी शोधली, हे दोनशे चौदा स्वतः विचारेल."

तर साहेब, दोघंही तुमच्या दाराबाहेर बसलेत. तिच्या मांडीवर प्रयोगांच्या सात वह्या आहेत. वहीच्या प्रत्येक पानाखाली काम करणाऱ्याची सही लागते, आणि शेजारी 'पाहिलं' म्हणून वरिष्ठाची. हा नियमही तुमचाच. पाचव्या वहीचं एकशे बारावं पान उघडा. नऊशे सातवी पेशी. सही स्वरूपाची. शेजारी 'पाहिलं', आणि त्याखाली सही तुमची, त्याच निळ्या पेनाची.

पाहिलं होतंत ना? मग नाव का खोडलंत? ती आत येतेय. उत्तर द्या.