चव्हाट्यावर लिहिलेलं कारण

दार उघडल्या उघडल्या ती बरसली.

"आलात एकदाचे! सकाळपासून सहा मजले चढून-उतरून माझ्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली. लिफ्ट दुरुस्तीला तुम्ही मुहूर्त काढून निघता का हो?"

दारातला तरुण एक पाऊल मागे सरकला. खांद्यावर हत्यारांची पिशवी, बाहीवर ग्रीसचा डाग, केसांवर भुरभुर पावसाचे थेंब. तो ओशाळून हसला... आणि हसताना त्याचा उजवा गाल डाव्याच्या आधी हसतो, हे तिला त्या रागातही दिसलं. रागाला डोळे नसतात म्हणतात. खोटं आहे ते.

"लिफ्ट मघाशीच चालू केली," तो म्हणाला. "तिच्यातूनच वर आलो. आता आलोय ते दुसऱ्या कामाला. 'जुना गिअर' इथेच राहतात ना?"

"ते माझे बाबा. का?"

"त्यांनी काल जे लिहिलंय, ते त्यांना वाचून दाखवायचंय."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग खळखळून हसली.

हसू का आलं, ते सांगायलाच हवं. ती थोरल्या कंपनीत कामाला होती. थोरली कंपनी म्हणजे तीच, जिच्या ॲपवर अर्धं जग सकाळी उठून भांडतं आणि रात्री भांडून झोपतं. तिथे तिचं काम मजकूर तपासायचं. पडद्यावर एकेक ओळ येई, ती 'ठेवा' नाहीतर 'काढा' दाबी. पापणी लवायच्या आत पुढची ओळ हजर. दिवसभरात किती जणांची तोंडं बंद केली याची गणती नाही, पण त्यातल्या एकाचंही तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं.

आणि हा गृहस्थ एका माणसाच्या तीन ओळींसाठी सहाव्या मजल्यावर आला होता!

त्याच्या दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत एक संगणक अखंड चालू असे. त्यावर शहरातल्या दोन-तीनशे माणसांच्या गप्पा चालत. त्या जागेचं नाव 'चव्हाटा', आणि हा तिचा राखणदार. अशा लहान लहान जागा आणखी पुष्कळ होत्या. प्रत्येकीचा धनी वेगळा, नियम वेगळे, पण एकमेकींकडे शेजाऱ्यासारखी ये-जा. एखाद्या घरातून फारच घाण वाहू लागली, तर बाकीचे आपली दारं लावून घेत. चव्हाट्याचा रिवाज असा, की कोणाच्या लिहिण्याबद्दल तक्रार आली तर राखणदाराने त्याच्या दारी जायचं आणि ते त्यालाच मोठ्याने वाचून दाखवायचं. जिभेला हाड नसतं आणि बोटाला कान नसतात. म्हणून ही युक्ती.

बाबा बाहेर आले. सारा जन्म बस चालवून निवृत्त झालेले, म्हणून चव्हाट्यावरचं नाव 'जुना गिअर'. आवाज अजूनही शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. राखणदाराने घसा साफ केला आणि सपाट सुरात वाचलं :

"'मास्तरीणबाई पोरांना पाण्यात ढकलून पोहायला शिकवतात. आता अख्खं शहर ढकलायला निघाल्यात. त्यांना मत देणाऱ्यांच्या डोक्यात मेंदूऐवजी स्पंज आहे.'"

मास्तरीणबाई म्हणजे शहराच्या तलावावर पोहायला शिकवणाऱ्या बाई. त्या निवडणुकीला उभ्या होत्या. मोठा रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवायचा, बस बाहेरून वळवायची, असं त्यांचं म्हणणं. बाबांनी ज्या रस्त्यावर उमर घालवली, तोच हा रस्ता. मग चटका बसायचाच.

बाबांनी कान खाजवला. "दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की... जरा उद्धट वाटतं, नाही? बाई चिडल्या का?"

"बाई हसल्या. तक्रार स्पंजवाल्यांची आहे."

बाबांनी स्पंज काढून टाकला. तिने चहा टाकला.

"फार संथ कारभार आहे हो तुमचा," कप पुढे करत ती म्हणाली. "एकेका माणसाला लिफ्टमध्ये बसवून वर-खाली न्यायचं. आमच्याकडे असं करत बसलो, तर सात जन्म पुरायचे नाहीत."

"आणि तुमचा कसा आहे?"

"आमचं... धरणाचं दार. उघडायचं, पाडायचं. कोण वाहून गेलं ते वरून दिसत नाही."

"मग खाली येऊन बघा की कधी," तो म्हणाला. आणि आपण भलतंच काही बोललो की काय, अशा घाईने गरम चहाचा घोट घेऊन त्याने जीभ भाजून घेतली.

पुढच्याच आठवड्यात बाबांनी पुन्हा कोणाला तरी 'पंक्चर' म्हटलं. तो पुन्हा आला. या वेळी बाहीवर ग्रीस नव्हतं. केस विंचरलेले होते.

"एवढ्याशा 'पंक्चर'वरून तक्रार?" तिने भुवई उंचावली.

"तक्रार म्हणजे... अगदी तक्रार नाही. एकाने नाराजी दाखवली."

"कोणी?"

"...मी."

ती ओठ चावून हसू दाबत राहिली. मग त्याच्या चकरा वाढल्या. कधी लिफ्टचा आवाज 'बरा वाटत नव्हता', कधी दोर 'सहज बघायचा' होता. इमारतीतले लोक म्हणू लागले, या लिफ्टइतकी निगा राजाच्या पालखीचीही कोणी घेत नसेल. आणि ज्या दिवशी तो येत नसे, त्या संध्याकाळी ती विचारी, "बाबा, आज काही लिहिलं नाहीत का?"

"मी भांडू नये म्हणून जन्मभर तुझी आई मागे लागली होती," बाबा चष्म्यावरून बघत म्हणत, "आणि तू, मी भांडावं म्हणून मागे लागतेस. काय गं चिमणे, भानगड काय आहे?"

"कुठे काय!" म्हणत चिमणी खिडकीशी जाई. खाली रस्त्यावर ओळखीची छत्री दिसते का... छे, सहजच.

एकदा पावसाने दोघांना जिन्यातच अडकवलं. वीज गेलेली. तो पायरीवर, ती दोन पायऱ्या वर.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" तिने विचारलं. "कोणाच्याही दारात जाता. निवडणुकीचे दिवस. एखाद्याने हात उगारला तर?"

"उगारतात. पण ऐकायला थांबतात आधी. आणि खरं सांगू का... मला तुमच्या कामाची जास्त भीती वाटते. इतकं सगळं वाईट एकटीने वाचायचं, आणि कोणाला काही सांगायचं नाही."

हे तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. अंधार होता म्हणून बरं. डोळे भरलेले दिसले नाहीत. उजेड आला तेव्हा ती दोन पायऱ्या खाली, त्याच्या शेजारी बसलेली होती. कधी उतरली, ते देवाला ठाऊक.

सारं असं सुरेख चाललेलं असताना बाबांनी ते लिहिलं.

'तलावावर एक मूल बुडता बुडता वाचलं आणि मास्तरीणबाईंनी ते दाबून टाकलं, असं ऐकतो.'

बस थांब्यावर कोणीतरी कोणाला सांगत होतं, ते बाबांच्या कानावर पडलं आणि कानातून थेट बोटात उतरलं. असं काही घडलंच नव्हतं. पण 'असं ऐकतो' या दोन शब्दांना पाय फार. आईबाप तलावावरून मुलांची नावं काढून घेऊ लागले. तलावावर सकाळी शिट्टी ऐकायला चार-दोन पोरं उरली. आजूबाजूच्या लहान जागांनी चव्हाट्याला बजावलं, या माणसाला बाहेर काढा, नाहीतर आम्ही दारं लावतो.

आई गेल्यापासून बाबा माणसात यायचे ते चव्हाट्यावरच. तिथून काढलं, तर त्यांना उरलं काय? चार भिंती आणि बंद टीव्ही. नाही काढलं, तर एका निर्दोष बाईचं नाव जातं आणि दोन-तीनशे माणसं वाळीत पडतात. आणि निकाल द्यायचा कोणी? त्यानेच. ज्याने बाबांना दाराबाहेर घातलं, त्याच्याकडे ती पुन्हा कोणत्या डोळ्यांनी बघणार होती? आणि ज्याने तिच्यासाठी ते पोटात घातलं... त्याच्याकडे तरी?

दुसऱ्या दिवशी कचेरीत, हजार ओळींमध्ये, तीच ओळ तिच्या पडद्यावर आली. कोणीतरी ती उचलून थोरल्या कंपनीत टाकली होती. खाली हजारो शिव्या.

सुटी होताच ती तडक त्याच्या दुकानात गेली. तो एका मोटारीचं झाकण उघडून बसला होता.

"बाबांची ओळ आज माझ्यासमोर आली," ती म्हणाली. "आमच्याकडे 'ओळखीचे' म्हणून एक बटण असतं. ते दाबलं. गेली दुसऱ्याकडे. मी सुटले."

"मग पुढे?"

"काय माहीत. कुठल्या तरी शहरात कोणीतरी पापणी लवायच्या आत ठरवलं असेल." ती स्टुलावर बसली. "तुम्हीही तसंच करा ना. सोडा हे काम. नाही जमत म्हणा."

"आमच्याकडेही सोडता येतं," तो हळूच म्हणाला. "पण कारण लिहावं लागतं. सगळ्यांना दिसेल असं."

"मग लिहा. घरी येणं-जाणं आहे म्हणून."

"ते पुरं खरं नाही."

"मग खरं ते लिहा."

त्याचे कान लाल झाले. तो काहीतरी बोलायला गेला, मग पान्हाच उचलला, मग तोही खाली ठेवला. "...बरं," एवढंच म्हणाला.

ती घरी पोचेपर्यंत बाबा दारात उभे होते. चष्मा कपाळावर, तोंड उघडं.

"चिमणे, तुझं नाव नाही यात. पण तूच आहेस. मला दुसरी मुलगी नाही."

चव्हाट्यावर, दोन-तीनशे माणसांसमोर, त्याने लिहिलं होतं :

'जुना गिअर यांच्याविरुद्धच्या तक्रारीचा निकाल मी देणार नाही. कारण, त्यांच्या मुलीवर माझं प्रेम आहे. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. माझा हात सैल पडेल, किंवा सैल पडू नये म्हणून नको तितका कडक होईल. दोन्ही अन्यायच. हे काम दुसऱ्या कोणी करावं.'

ती भिंतीला टेकली. आधी संताप आला. मग लाज. मग असं काही आलं, की तिला बाबांकडे पाठच करावी लागली.

"वेडा आहे," बाबा पुटपुटले. "कोणी विचारलंही नसतं, गुपचूप मला वाचवता आलं असतं त्याला."

वाचायला कोण येणार, यावर चव्हाट्यावर दिवसभर खल चालला. शेवटी मास्तरीणबाईच म्हणाल्या, मी जाते. संध्याकाळी त्या आल्या. आखूड पिकले केस, अंगाला तलावाच्या पाण्यातल्या औषधाचा वास. त्यांनी ती ओळ वाचली. एकदाच. आवाज चढवला नाही. बाबा मान खाली घालून बसलेले.

"बस वळवण्यावरून मला हवं ते म्हणा," त्या म्हणाल्या. "त्यात तुमचं काही खरंही असेल. पण तीस वर्षांत मी पाण्याला एक पोर हिरावू दिलेलं नाही हो, दादा."

बाबांचा बसभर घुमणारा आवाज जेमतेम समोरच्या खुर्चीपर्यंत पोचला. म्हणाले, "मला काढून टाका. मीच जातो."

"गेल्याने काय होणार? तुमचे शब्द गावभर फिरताहेत. तुम्ही घरात बसून कसं चालेल?" बाई उठल्या. "सकाळी पोरं येतात. त्यांचे आईबाप फाटकापर्यंत येतात. तिथे येऊन त्यांना खरं सांगा. निवडणूक होईपर्यंत चव्हाट्यावर लिहू नका, मग या परत. शेजारच्या जागांना मी सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा तलावाच्या फाटकाशी उभे राहिले. इस्त्रीचा सदरा घालून. चिमणी थोडी मागे. रस्त्यापलीकडे झाडाखाली, जवळ यायचं धैर्य न होणारा कोणीतरी छत्री मिटून उभा होता.

पहिलं जोडपं आलं. बाबांनी हात जोडले. "मी ते लिहिलं होतं. म्हणजे ऐकलं तसं लिहिलं होतं, पण हेतू वाईट नव्हता, आणि तो रस्ता म्हणजे माझ्या आयुष्याचा..." जोडपं ऐकून न ऐकल्यासारखं पुढे गेलं.

ती रस्ता ओलांडून झाडाखाली गेली.

"दोन-तीनशे माणसांना सांगितलंत," ती म्हणाली. "मलाच तेवढं सांगायचं राहिलं."

"सांगायला कितीदा आलो होतो. प्रत्येक वेळी लिफ्टच दुरुस्त करून गेलो."

"आता इथे लिफ्ट नाही."

त्याने छत्री या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही रागावला आहात?"

"खूप. आणि 'तुम्ही' काय? चव्हाट्यावर प्रेम, आणि झाडाखाली 'तुम्ही'?"

आधी उजवा गाल हसला. "तू... रागावली आहेस?"

"हो. चांगलं वर्षभर तरी रागावणार आहे. तुला रोज यावं लागेल." तिने त्याच्या हातातली छत्री काढून घेतली, आणि त्या रिकाम्या हातात आपला हात ठेवला. त्याची बोटं खरखरीत होती. "माझंही आहे," ती म्हणाली. "प्रेम. जिन्यातल्या अंधारापासून."

फाटकाशी आणखी आईबाप आले होते. बाबा पुन्हा सांगत होते. या वेळी रस्त्याचं पुराण गळालं होतं. त्याच्या पुढच्या खेपेला हेतूही गळाला. दरवेळी वाक्य आखूड होत होतं, आणि ऐकणारे जरा जास्त थांबत होते.

एक आई आपल्या मुलीचा हात धरून समोर उभी राहिली. बाबांनी आवाज लावला. तोच, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"मी न बघता लिहिलं. खोटं होतं ते. बाईंचा काही दोष नाही."

बस्स, एवढंच.

त्या आईने बाबांकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, आणि मुलीचा हात सोडला. पोर धावतच आत गेली. आतून बाईंची शिट्टी वाजली.