सात नंबरची खाट

खोटं वाटलं तर वाटू द्या. आमची थोरली मावशी उगाच काही बोलणाऱ्यांतली नाही. आणि ही गोष्ट रात्रीची नाही, भर दुपारची आहे.

मावशी तेव्हा लष्करी रुग्णालयात नर्स होती. सीमेपलीकडून निर्वासितांचे ट्रक यायला लागले ते वर्ष. माणसं व्हरांड्यात, जिन्याखाली, जागा मिळेल तिथं. आणि वॉर्डात सात नंबरची खाट रिकामी... जवानांसाठी राखीव. चादर अशी ताणलेली, की माशी बसली तर घसरावी.

त्याच खाटेशेजारी, फरशीवर, सहा वर्षांची एक पोर तापानं फणफणत होती.

"ताई, वर घ्या ना हिला. खाली फार गार आहे हो," तिची आई म्हणाली.

"अर्ज केलाय. सही आली की लगेच घेते."

सही तिसऱ्या दिवशी आली.

पोर दुसऱ्याच दिवशी गेली होती.

मावशीनं कागद मेजरसाहेबांपुढे ठेवला. "हे रद्द करा, साहेब."

"खाट मंजूर झालीय. रुग्णाला डिस्चार्ज दिल्याशिवाय रद्द कशी करू?" साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. "नियम मी नाही केले, सिस्टर."

मेलेल्या लेकराच्या नावाचा कागद खाटेला लटकला.

त्या दुपारी... चादरीवर सुरकुती दिसली.

मावशीनं ती ताणली. पाठ वळवली.

पुन्हा सुरकुती.

"तुमच्या हातची चादर आणि सुरकुती? म्हातारपण आलं बाई," आया हसली.

मावशी हसली नाही. उशीत छोटासा खळगा पडला होता. तिनं तिथं तळवा टेकला...

कढत होता. तापलेल्या कपाळासारखा.

चार दिवस हेच.

पाचव्या दिवशी ट्रकमधून दुसरी मुलगी आली. छाती घरघरत होती. ही फरशीवर टिकणार नाही, हे मावशीला बघताक्षणी कळलं. या वेळी तिनं अर्ज केला नाही. पेन उचललं आणि पहिलीच्या कागदावर लिहिलं: 'बरी होऊन घरी गेली.'

कुठलं घर, कुणास ठाऊक.

चादर सपाट झाली. उशी गार पडली. मावशीनं नव्या मुलीला तिथं निजवलं.

तासाभरानं बघते तर पोर खाटेच्या अगदी कडेला.

"मधे सरक गं बाळा, पडशील."

"ती झोपलीय ना तिथं..."

"कोण?"

"तिला घरी जा म्हणाले. पण तिचं घर तर जाळलं. मग ती कुठं जाईल?"

 मावशी वाकली आणि उशीशी काहीतरी पुटपुटली. काय, ते आम्हाला तिनं कधीच सांगितलं नाही.

नवी मुलगी वाचली. छावणीत गेली. सात नंबरच्या चादरीला पुन्हा सुरकुती पडली नाही.

मावशी आता सत्तरीला आलीय. एकटी राहते. ऐसपैस पलंग आहे, पण निजते मात्र कडेला, अंग चोरून.

पलीकडच्या बाजूची चादर चुरगळलेली असते...

तिथं हात लावून बघायची हिंमत आमच्यापैकी कुणालाच झालेली नाही.