कॅप्टन अजून उतरलेली नाही

ही हकीकत मी रचलेली नाही. रचण्याइतकी विद्या माझ्यापाशी नाही. मी आठवीपर्यंत शिकलेला, छापखान्यात पुस्तकबांधणी करणारा मनुष्य आहे. जे या कानांनी ऐकले, आणि पुढे जे ऐकू येईनासे झाले, तेवढेच इथे नमूद करतो.

ज्यांना हसायचे असेल त्यांनी खुशाल हसावे.

मात्र आपल्या हसण्याचा आवाज येतो की नाही, तेवढे पाहून घ्यावे...

स्थळ माझ्या ताईचे घर. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीतले शेवटचे. मीही तिथेच, मागच्या खोलीत राहतो. वेळ दरवेळी एकच. दिवेलागणीची.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, विज्ञानकथा लिहीत. एक कादंबरी माझ्या हाताखाली शिवली जात असतानाच दुसरीचे छापील कागद, म्हणजे फर्मे, मशीनवरून उतरत, आणि तिसरी त्यांच्या टेबलावर निम्मी झालेली असे. प्रकाशक म्हणत, "हा माणूस नाही हो, गिरणी आहे. मी दळण उचलून दमलो." माझी भाषा जी काही थोडीबहुत शुद्ध आहे, ती त्यांच्याच फर्म्यांना घड्या घालता घालता वाचून झालेली आहे.

लोक म्हणत, नावासाठी लिहितात. कोणी म्हणे, पैशासाठी.

खरे कारण आम्हा घरच्यांनाच ठाऊक होते.

त्यांना एकच मुलगी. कॅप्टन. हे तिचे नाव नव्हे, परंतु घरात दुसऱ्या नावाने तिला कोणी हाक मारीत नसे. आजाराने ती अंथरुणाला खिळलेली होती. भाऊजींनी तिच्या खाटेच्या उशाशी एक फळी ठोकली आणि त्या फळीवर मोडक्या रेडिओची बटणे बसवली. ते तिचे अंतराळयान. रोज दिवेलागणीला ते त्या यानाच्या प्रवासाचा नवा अध्याय वाचून दाखवीत. यान हवेच्या बाहेर पडले की कॅप्टन ओठांवर बोट ठेवी. अंतराळात आवाज नसतो, हे त्यांनीच तिला शिकवलेले.

अध्याय पसंत पडला की ती मधले बटण फिरवी.

टक्.

म्हणजे, पुढे चला. कुठे विज्ञान चुकले असेल, तर बटण फिरत नसे. मग भाऊजी निमूटपणे तो अध्याय पुन्हा लिहायला बसत. मी तिला चिडवायचो, "एवढ्या मोठ्या लेखकाला शिक्षा करतेस, मामालाही एखादी कर की." ती म्हणे, "मामा, तू यानात भांडी घास."

"यान घरी पोचेपर्यंत थांबायचं नाही हं, बाबा," असे ती रोज बजावी.

भाऊजींनी शब्द दिला होता.

एका अध्यायाच्या मध्यावर ती गेली.

दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, भाऊजी तिच्या खोलीत जाऊन बसले आणि उरलेला अध्याय रिकाम्या खाटेला वाचून दाखवू लागले. मी आणि ताई दारात उभे होतो. ताईने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता. वाचन संपले.

आणि...

टक्.

भाऊजी खाटेपासून लांब, खुर्चीवर होते.

तेव्हापासून त्यांनी हात थांबवला नाही. पुस्तकांमागून पुस्तके निघाली. यान पुढे पुढे जात राहिले.

एकदा मात्र ते तापाने फणफणले आणि अध्याय राहिला. सकाळी मी घड्याळाला चावी द्यायला गेलो. काटे चालू होते. लंबक हलत होता. टिकटिक नव्हती. मी कान लावला...

काहीच नाही.

पुन्हा एकदा असाच खंड पडला, तेव्हा स्वयंपाकघरातला गळका नळ मुका झाला. थेंब पडत होते. आवाज पडत नव्हता.

भाऊजी खंगत चालले. एका हाताने जेवत आणि दुसऱ्या हाताने लिहीत. ताई मला म्हणाली, माणूस डोळ्यांदेखत झिजतो आहे, काहीतरी कर. मी विचार करून भाऊजींना म्हणालो, "यान घरीच आणा ना. शब्द तेवढाच होता. घरी पोचेपर्यंत."

त्यांनी नवा कागद पुढे ओढला.

"आणतो," म्हणाले.

तो अध्याय मी दाराबाहेर जमिनीवर बसून ऐकला. यान ओळखीच्या आकाशात शिरले. खाली गल्ली दिसली, पाण्याची टाकी दिसली. यान अलगद टेकले. आचारी उतरला. यंत्रज्ञ उतरला. डॉक्टर उतरला. कॅप्टन सगळ्यांच्या शेवटी उतरतो, असा यानाचा नियम होता...

इथे भाऊजी थांबले.

मी टक् ऐकू येण्याची वाट पाहिली.

गल्लीतल्या सायकलींच्या घंटा थांबल्या. शेजारचा रेडिओ थांबला. माझा श्वास मला ऐकू येईना...

कितीतरी वेळाने सगळे आवाज परतले. भाऊजी बाहेर आले. त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. तो पुढे कधीच परतला नाही.

त्यांनी हातातला शेवटचा कागद उलटा केला आणि त्यावर मला लिहून दाखवले. "ती उतरली असे लिहिले, तर दार उघडावे लागेल. दारात जे उभे असेल, ते काय असेल? मी बाप आहे. तरी मला भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी यान पुन्हा उडवले. ते लिहीत, आणि वाचायचे काम माझ्याकडे आले. पुढे काही महिन्यांत ते गेले. डॉक्टरांनी हृदय बंद पडले म्हणून सांगितले. प्रकाशकांनी शोकसभेत त्यांच्या अफाट लेखणीचा गौरव केला. मी मान खाली घालून बसलो होतो. माझ्या डोक्यात एकच विचार होता.

आज संध्याकाळी काय वाचायचे?

मी त्यांची जुनी कादंबरी घेऊन बसलो. कॅप्टनने ती ऐकलेली होती. बटण फिरले नाही. रात्री ताई पाणी प्यायला उठली, माझ्या शेजारून गेली, आणि मला तिची पावले ऐकू आली नाहीत...

तेव्हापासून मी लिहितो. आठवी पास मनुष्य अंतराळयान चालवतो आहे. दिवसा पुस्तके शिवतो, दुपारच्या सुट्टीत भाऊजींची पुस्तके वाचून विज्ञान समजावून घेतो, आणि संध्याकाळी जीव मुठीत धरून वाचतो. कधी बटण फिरते. कधी मला तेच पुन्हा लिहावे लागते.

ताईने एकदा माझा हात धरला.

"तू उतरव तिला," ती म्हणाली.

भाऊजींनी काय लिहिले होते, त्याची मी तिला आठवण करून दिली.

"ते घाबरले. मी नाही घाबरत. ती कशीही येऊ दे रे. मी तिची आई आहे."

मी तिला नकार दिला. मला माझ्या बहिणीचे हे घर शाबूत राखायचे होते.

त्यानंतरच्या अध्यायात मी एका ग्रहावर पाऊस पाडला आणि ढग लिहायचे विसरलो. बटण फिरले नाही. मी घाईघाईने ढग घातले, तोवर दिवेलागण टळून अंधार पडला होता.

सकाळी ताईने मला हाक मारली. म्हणजे तिचे तोंड उघडलेले मला दिसले...

आता ती रोज त्या खाटेपाशी बसते. ओठ हलवते. दोनच शब्द असतात, ते मला न ऐकताही कळतात. उतर. ये. मग ती जाऊन बाहेरच्या दाराची कडी काढते. मी कडी घालतो. ती पुन्हा काढते. कडीचाही आवाज हल्ली येत नाही.

आज माझ्यापाशी अध्याय नाही. सकाळपासून एक ओळ सुचली नाही. म्हणून ही हकीकत लिहिली. ती नवी आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे हिच्यात चूक नाही. दिवे लागत आले आहेत. एवढे पुरे झाले की आत जाऊन हीच वाचणार आहे.

ताई समोर बसली होती.

आता नाही. ती कधी उठली, मला कळले नाही. कळणार तरी कसे...

बाहेरच्या दाराला मी कडी घातली होती. मला पक्के आठवते.

मानेवर बाहेरची गार हवा लागते आहे...

आणि आतल्या खोलीत, मी अजून एक अक्षरही वाचलेले नसताना...

टक्.