डावी काख, उजवी काख

टेम्पोत तेरा पोरं, फुटबॉलची जाळी, पाण्याचे दोन कॅन आणि जर्सीची लोखंडी ट्रंक इतकं सगळं कोंबलेलं होतं. तरीही सम्राटच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी होती.

पेठ वडगावात सेमी फायनल जिंकून सगळे कोल्हापूरला परत निघाले होते. दोन गोल झाले होते आणि दोन्ही सम्राटनं मारले होते. खरं तर त्याला खांद्यावर घ्यायला पाहिजे होतं. पण मे महिन्याच्या उन्हानं ताडपत्री तापली होती, आणि सगळी पोरं मागच्या फळीला चिकटून, नाकं बाहेर काढून बसली होती.

“सम्राट, पुढच्या मॅचला तू चालत ये लेका,” सयाजी म्हणाला. हा अकरा नंबरचा. पास झकास द्यायचा आणि टोमणे त्याहून झकास. “तू नुसता हात वर केलास की त्यांचा गोलकीपर चक्कर येऊन पडतोय.”

सगळा टेम्पो खिदळला. सम्राटची धाकटी बहीण स्वप्नाली पाण्याच्या बाटल्या सांभाळायला आलेली. तिनं ‘गप’ म्हणून त्याची पँट ओढली, पण सम्राट तोवर उठला होता. पुढच्या क्षणी सयाजीची कॉलर त्याच्या मुठीत होती, एक कॅन आडवा झाला होता आणि टेम्पो रस्त्याकडेला थांबला होता.

केबिनमधून कोच हंबीरराव उतरले. ते कधी ओरडायचे नाहीत. त्यामुळं त्यांची जास्तच भीती वाटायची.

“कोण काय बोललं ते मला नको. हात कुणी उचलला?”

“मी,” सम्राट म्हणाला.

“रविवारी गारगोटीला फायनल हाय. तोवर तुझा हात आणि एकदा उठला, तर तू घरात बसून टीव्ही बघायचा. कळलं?”

सम्राट स्वतःला ओळखून होता. सयाजी बोलल्याशिवाय राहणार नाही, आणि तो बोलला की आपला हात उठल्याशिवाय राहणार नाही. फायनल खेळायची तर रविवारच्या आत वास घालवायचा, दुसरा इलाजच नव्हता.

* * *

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच सम्राट पायरीवर येरझाऱ्या घालत होता. दुकान अमरेशच्या वडिलांचं, अण्णासोंचं. अमरेश टीमचा गोलकीपर आणि सम्राटचा जिवलग. फक्त आवाज दाबून बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

“अण्णा, सम्राटला सेंट पायजे,” तो शटर वर करता करताच म्हणाला. “लै कडक.”

“हळू बोल की,” सम्राट दातओठ खात म्हणाला.

अण्णासोंच्या कपाळावरचं भस्म अजून ओलं होतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “सेंट कशाला? लग्न ठरलंय व्हय?”

“वास मारतोय ओ काका ह्यो,” सम्राटच्या मागोमाग आलेल्या स्वप्नालीनं सांगून टाकलं.

“मग त्यात लाजायचं काय? वय किती? तेरा. मिसरूड फुटायला लागलं की घामाचा वास बदलतोय. माझा बी बदललेला.” अण्णासोंनी काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. “ह्यो फवारा. ह्यो वास झाकतोय, घालवत न्हाय. ही गोळीवाली बाटली. गोळी काखंत फिरवायची, घाम कमी येतोय. आणि ही तुरटी.”

“दाढीनंतर न्हावी लावतोय ती?”

“तीच. पाण्यात बुडवायची आणि फिरवायची. आता नीट ऐक. काय बी घेतलंस तरी आधी काख साबणानं धुवायची, कोरडी करायची, मग लावायचं. घामावर लावून उपयोग न्हाय. आग झाली, लाल झालं, की बंद.”

“ह्यातलं चांगलं कुठलं?”

“ज्याच्या त्याच्या कातडीवर हाय बाबा. लावून बघ.”

लावून बघायला थांबेल तो सम्राट कसला? त्यानं फवारा उचलला, डब्यावर डरकाळी फोडणारा वाघ होता म्हणून. संध्याकाळी प्रॅक्टिसला अर्धा तास पळून झाल्यावर, तसाच घामेजलेला, त्यानं बनियनच्या आत-बाहेर अर्धा डबा मारला.

“कसं वाटतंय?” त्यानं विचारलं.

स्वप्नालीनं डोळे मिटून वास घेतला. घरात दूध नासलं की आईच्या आधी तिला कळायचं. “गोठ्यात उदबत्ती लावल्यागत.”

वर काख अशी चुरचुरायला लागली की रात्रभर तो कोंबडीसारखे हात फाकवून झोपला. मंगळवारचा दिवस नुसत्या खोबरेल तेलावर गेला. “डबा फेकून देतो गटारीत,” तो सकाळपासून चौथ्यांदा म्हणाला.

“डब्याचा काय गुन्हा?” स्वप्नाली म्हणाली. “काकांनी सांगितलेलं एक तरी केलंस काय? आता आपण रीतीनं करायचं.”

रीत तिचीच. बुधवार, गुरुवार प्रॅक्टिसच्या आधी घरी आंघोळ, कोरडा टॉवेल, मग उजव्या काखेत गोळीवाली बाटली आणि डाव्या काखेत तुरटी. अंगात घरचा धुतलेला टी-शर्ट. प्रॅक्टिस संपली की मैदानाच्या कोपऱ्यात सम्राटनं हात वर करून उभं राहायचं आणि स्वप्नालीनं वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. अमरेशनं पाठ करून आडोसा धरायचा.

“उजवीकडं गुलाब येतोय,” ती म्हणाली. “बारीक.”

“आणि डावीकडं?”

ती परत वाकली. “काहीच न्हाय.”

“काहीच न्हाय म्हणजे?”

“म्हणजे काहीच न्हाय. शाळेतल्या फळ्यागत. आपल्याला हेच पायजे की.”

गुरुवारीही तेच. सम्राटनं तुरटीचा खडा रुमालात बांधून खिशात टाकला आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पाच मिनिटं एका जागी बसला.

* * *

टीम तालमीचीच, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी टीमचा फोटोही तालमीतच होता. कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती उकरून ठेवलेली होती, आणि त्याच्या बाजूला ज्ञानूमामा ट्रंक उघडून जर्सी वाटत होते. तालमीची झाडलोट, माती, जर्सी, सगळं त्यांच्याकडं. टीमच्या पहिल्या मॅचपासून त्यांनी एकही मॅच चुकवली नव्हती.

सम्राटनं सात नंबरची जर्सी चढवली. पोरं रांगेत उभी राहिली. फोटोग्राफर कॅमेरा जुळवतोय तोवर सयाजीनं नाक धरलं.

“आला रे आला. फोटोत बी वास येणार बघा.”

सम्राटची कानशिलं तापली. मूठ वळली. तेवढ्यात मागून अमरेश त्याच्या पायावर पाय देऊन उभा राहिला आणि स्वप्नाली लांबूनच रुमाल हलवायला लागली. रुमाल. तुरटी. सम्राट थांबला. आपण घरातून आंघोळ करून आलोय. वारा सुटलाय. घामाचा थेंब नाही. मग वास कुठनं आला?

त्यानं मान खाली घालून पाहिलं. बाकीच्यांच्या जर्सीला इस्त्रीच्या कडक घड्या होत्या. त्याच्या जर्सीला एकही नव्हती. डाव्या कोपरावर हिरवा डाग होता, वडगावात दुसऱ्या गोलला तो घसरला होता तिथला. त्याच्याखाली अजून एक, चॉकलेटी डाग होता, पहिल्या मॅचचा. तीन आठवड्यांपूर्वीचा.

फोटो झाल्या झाल्या तो दोघांना ओढत बाहेर घेऊन आला. “माझी जर्सी धुतलेलीच न्हाय. एकदा बी न्हाय.”

“कोच तर दर मॅचनंतर सगळ्या लाँड्रीत द्यायला सांगतोय,” अमरेश म्हणाला.

“मग बघूया की कुठं जातीय ती.”

खिडकीच्या गजांतून तिघांनी डोकावलं. ज्ञानूमामांनी बारा जर्सी चादरीत टाकल्या, लाँड्रीसाठी. तेरावी, सात नंबरची, त्यांनी देवाच्या फोटोपुढं धरली, हलक्या हातानं घडी घातली, आत कापराच्या वड्या ठेवल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत ठेवली.

“मामा,” अमरेश गजाला तोंड लावून मोठ्यानं म्हणाला, “ती नको व्हय धुवायला?”

सम्राटनं कपाळावर हात मारला. पण ज्ञानूमामा दचकले नाहीत, उलट खूश झाले. “गोल मारलेली जर्सी धुवायची नसती पोरा. पाण्यात टाकली की गोल निघून जातोय. स्पर्धा संपंपर्यंत तशीच ठेवायची. कोचला सांगू नका. त्याला न्हाय पटायचं.”

म्हणजे जितके गोल, तितका वास.

“मी आत जाऊन फाडतोच ती,” सम्राट उसळला.

“फाड, आणि रविवारी टीव्ही बघ,” स्वप्नाली म्हणाली. “कोचला सांगितलं तर मामांना सगळ्यांसमोर बोलणी बसतील. मामा वाईट न्हाईत. त्यांना तर वाटतंय, ते तुझे गोल राखून ठेवालेत.”

सम्राट रस्त्यात तीन फेऱ्या मारून आला. “मामा जर्सी उघडून बघतात काय?”

“पुडकं सोडत न्हाईत,” अमरेश म्हणाला. “मॅचला नुसतं नाकाला लावत्यात आणि तुझ्या हातात देत्यात.”

“मग नाकालाच फसवायचं.”

शनिवारी सकाळी तिघं तालमीत हजर. “मामा, लाँड्रीचं गठुडं आम्ही नेतो. तुमी माती बघा.” मामा घागरभर ताक आणि लिंबं घेऊन हौद्याकडं वळले. मातीत ताक-लिंबू मिसळायला लागले की त्यांना जगाचं भान नसायचं. अमरेश दारात उभा राहिला. स्वप्नालीनं पुडकं सोडलं. सात नंबर गठुड्यात गेली. आता तिच्या जागी दुसरी पाहिजे होती, तसाच वास मुरवायला.

“कुणाची घालू?”

सम्राटनं एक क्षणसुद्धा विचार केला नाही. “अकरा.”

थोडी ओली करून, कापराच्या वड्यांसकट, अकरा नंबर त्याच घामट कागदाच्या पुडक्यात गेली, आणि ट्रंकेच्या तापल्या पत्र्यात दिवसरात्र मुरायला राहिली.

* * *

रविवारी टेम्पो गारगोटीला पोचला. ज्ञानूमामांनी पुडकं नाकाला लावलं, समाधानानं मान हलवली आणि सम्राटच्या हातात दिलं. सम्राट कडुलिंबाच्या झाडामागं गेला. इस्त्री केलेली सात नंबर अमरेशनं पोटाशी दडवून आणली होती. ती अंगात घातली तेव्हा साबणाचा वास आला, आणि सम्राटला वाटलं, आज आपण बारा गोल मारू.

पुडक्यातली अकरा नंबर अमरेशनं सयाजीला नेऊन दिली.

सयाजीनं ती घातली. एक मिनिट गेलं. बाजूचा पोरगा सरकला. मग त्याच्या पलीकडचा. सयाजीनं खांद्याचा वास घेतला, परत घेतला, आणि त्याचा चेहरा पडला.

“आंघोळ करून आलोय मी,” तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. “आईशप्पत.”

कुणीतरी फिसकन हसलं. सयाजीनं सम्राटकडं पाहिलं. आता हा बोलणार, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. सम्राटच्या जिभेवर तर आठवडाभर घोटलेलं वाक्य तयारच होतं. पण सयाजी हात अंगाला चिकटवून उभा होता. टेम्पोत, तालमीत, नळावर आपण जसे उभे राहायचो तसाच.

सम्राटला स्वतःचाच राग आला. तो गेला, सयाजीच्या गळ्यात हात टाकला आणि त्याला ओढून घोळक्यात आणलं. “जर्सीचा वास हाय ह्यो. तुझा न्हाय. चल.”

सयाजी बघतच राहिला. आठवडाभरात हेच वाक्य सम्राटला कुणीच म्हटलं नव्हतं.

मॅच चिवट झाली. दोन्हीकडं शून्य. अमरेशनं दोन शॉट पोटावर झेलले. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा सयाजीनं डाव्या कडेनं बॉल काढला. स्वतः मारायला जागा होती. त्यानं मारला नाही. मान वर केली, सम्राटला शोधलं, आणि बरोबर पायात दिला. सम्राटनं न थांबता ठोकला. जाळी हलली.

शिट्टी झाल्यावर ज्ञानूमामा पळत मैदानात आले. सम्राटची जर्सी दोन्ही हातांनी धरून म्हणाले, “बघा. न धुतलेल्या जर्सीचा गुण बघा.” आणि त्यांनी ती नाकाला लावली. परत लावली. “आं? साबण?”

“मामा, ती कालच धुतलीय,” स्वप्नाली हळूच म्हणाली.

मामा मटकन खाली बसले. हंबीरराव मागं येऊन उभे होते. “काय धुतलीय?”

मग सगळं सांगावं लागलं. वाघाच्या डब्यापासून कापराच्या वड्यांपर्यंत. सयाजीची जर्सी का निवडली तेही सम्राटनं स्वतःच सांगितलं. “ते माझं चुकलं,” तो म्हणाला. सयाजीनं खांदे उडवले. “पहिल्यांदा मीच चुकलेलो की.”

हंबीररावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुझा पाय चांगला हाय हे मला ठाऊक होतं सम्राट. डोकं बी हाय, आणि आज हात बी आवरलास. गोलपेक्षा मला ते आवडलं.” ते स्वप्नालीकडं वळले. “आणि ह्या बाईंना पुढच्या सीझनपास्नं जर्सीच्या ट्रंकेची किल्ली द्या.”

ज्ञानूमामा अजून खालीच बसून होते. “म्हणजे गोल धुतल्यावर जात न्हाय तर.”

“धुतल्यावरच झाला की मामा,” अमरेश गारगोटीभर ऐकू जाईल असं म्हणाला.

मामांनी डोकं खाजवलं. त्यांना एकदम काहीतरी सुचलं. “मग आतापास्नं दोनदा धुवायची. दोन गोल होतील.”

परतीच्या टेम्पोत पोरं एकमेकांच्या अंगावर पडून गात होती. सयाजीनं जर्सी काढून टेम्पोच्या बाहेर बांधली होती आणि तो सम्राटला खेटून बसला होता.

“ती तुरटी,” त्यानं गाण्याच्या गोंगाटात हळूच विचारलं, “कुठं मिळती रे?”

सम्राटनं खिशातनं रुमाल काढला, खडा मोडून अर्धा त्याच्या हातात ठेवला.

“आधी काख धू,” तो म्हणाला. “मग कोरडी कर.”