नॉर्मलसरांचा पडदा

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो आहे. आकडे त्याच दिवशी वहीत नोंदवले आहेत आणि साक्षीला माझी सख्खी बहीण आहे. भुतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता. आजही नाही.

भयकथेला रात्र लागते म्हणतात. माझ्याकडे फक्त रविवारची दुपार आहे... अडीच वाजून गेलेले.

स्थळ, रुग्णालयाच्या तळघरातली एक्स-रे वाचायची खोली. करड्या छटा नीट दिसाव्यात म्हणून ती दिवसाही अंधारीच ठेवतात. खिडकी नाही. मागच्या भिंतीवर एक मंद दिवा, बस्स.

एक्स-रेमध्ये करड्याच्या हजारो छटा असतात. संगणकाचा साधा रंगीत पडदा त्यांतल्या दोनशे छप्पन्नच दाखवतो. पण लाल, हिरवा, निळा हे तिन्ही एकदम न वाढवता निरनिराळे, केसभर वाढवले, तर दर दोन छटांच्या मध्ये आणखी सहा बसतात. डोळ्याला रंग जाणवत नाही, बारकावा जाणवतो. ही पद्धत त्या खोलीतल्या जुन्या पडद्यावर बसवायला मी गेलो होतो.

निदान कागदोपत्री तरी.

आठ वर्षांपूर्वी बाबांच्या छातीचा फोटो याच पडद्यावर वाचला गेला. अहवालात एकच शब्द होता : नॉर्मल. सात महिन्यांनी बाबा फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. फोटो काढला होता ताईने. ती तिथेच तंत्रज्ञ आहे. आपणच तो बिघडवला, हे तिने तेव्हापासून मनाला लावून घेतलं होतं. दोष तिचा नव्हे, पडद्याचा होता, एवढं मला सिद्ध करायचं होतं.

"त्या खुर्चीत बसू नकोस," ताई म्हणाली.

"का?"

"नॉर्मलसरांची आहे. मागच्या वर्षी तिथेच बसल्याबसल्या गेले. अजून कुरकुरते."

बाबांचा अहवाल लिहिणारे डॉक्टर हेच. मिनिटाला एक फोटो 'नॉर्मल' लिहून उरकायचे, म्हणून हे नाव.

"चाकांना तेल घाला."

"घातलंय, अतिशहाण्या."

ती हसली आणि चहाला गेली. मी स्टूल ओढून बाजूला बसलो.

पहिली मोजणी पडदा बंद ठेवून करतात. मागच्या दिव्याचा उजेड काचेवरून किती परततो, ते मीटर सांगतो.

०.३०.

पुन्हा ०.३०.

तिसऱ्यांदा... ०.११.

दिवा तसाच जळत होता. दार बंद होतं. मी हललो नव्हतो. आकडा इतका उतरायला दिवा आणि पडदा यांच्या मध्ये कोणीतरी यावं लागतं.

मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"मीटरची चूक" असं वहीत लिहिलं. अक्षर माझंच आहे, पण वाकडं आलंय.

ताई परतल्यावर मी बाबांचा फोटो उघडला आणि नवी पद्धत चालू केली. उजव्या बाजूला, तिसऱ्या बरगडीच्या आड, शर्टाच्या बटणाएवढा डाग उमटला.

ताई पडद्यापाशी वाकली.

"म्हणजे माझा फोटो बरोबर होता."

"अगदी बरोबर. आता जुन्या पद्धतीवर नेतो. डाग नाहीसा होईल. दोष पडद्याचा."

मी बटण दाबलं.

डाग तिथेच होता.

एकदा दिसलेलं डोळा विसरत नाही, म्हणून मी मीटर लावला. मीटरला आमचे बाबा ठाऊक नाहीत. त्यानेही डाग आणि भोवताल यांतला फरक दाखवला. लहान, पण स्पष्ट.

"दिसत होता," ताई सावकाश म्हणाली. "तेव्हाही दिसत होता. त्या माणसाने नीट बघितलंच नाही."

मागे चाकं कुरकुरली...

मग थांबली.

माझ्या पाठीला काहीतरी टेकलं. थंड. खुर्चीच्या हाताइतक्या उंचीवर.

पडद्यावरचा फोटो आपोआप बदलला. मी हात मांडीवर ठेवले होते. ताईचे तिच्या तोंडावर होते.

दुसरी छाती. वर आडनावासकट माझं नाव. वय एक्केचाळीस. तारीख त्याच दिवसाची.

मी आजवर छातीचा फोटो काढलेला नाही.

खालच्या रिकाम्या चौकटीत एकेक अक्षर उमटत गेलं... नॉर्मल.

पडदा अजून जुन्या पद्धतीवर होता. त्यावर फुप्फुसं स्वच्छ दिसत होती.

"नवी पद्धत चालू कर," ताई पुटपुटली. "बघ तरी."

मी बटणावर बोट ठेवलं. पाठीवरचा दाब वाढला. कानाशी कोणीतरी वाट पाहत असल्यासारखा श्वास... घाई नसलेला.

मी भिंतीतून वायर ओढून काढली.

तो फोटो रुग्णालयाच्या नोंदींत नाही. मी तीनदा तपासून घेतलं. खुर्ची मात्र त्या दिवशी माझ्या स्टुलामागे येऊन उभी होती.

ताई सुटली. बाबांचा विषय निघाला की आता ती मान खाली घालत नाही. तेवढं काम झालं.

ती म्हणते, "एकदा खराखुरा फोटो काढून टाक, शहाण्या. पाच मिनिटांचं काम."

बरोबर आहे तिचं. शंका असेल तर मोजावं, हे मीच आयुष्यभर लोकांना सांगत आलो. दीड वर्ष झालं. मी अजून मोजलेलं नाही.

गेल्या महिन्यापासून खोकला आहे. हवा बदलल्याचा आहे, असं मी ताईला सांगितलंय.